इंगवलेसाहेबांचा लेफ्ट आउट

इंगवलेसाहेब माणसाच्या तोंडाआधी त्याच्या पायांकडे बघत. मी बहरीनला नोकरीवर हजर झालो त्या सकाळी त्यांनी माझे कागद बाजूला सारले, टेबलावरून वाकून माझे पाय न्याहाळले आणि विचारलं, "फुटबॉल खेळतोस काय रे?"

मी पुण्याचा, अकाउंट्समधला माणूस. "शाळेत खेळायचो थोडाफार," म्हणालो.

"थोडाफार म्हणजे नाहीच. शुक्रवारी ये. पळायला तरी शिकशील."

ते आमच्या कंपनीच्या वर्कशॉपचे प्रमुख होते. जहाजांच्या दुरुस्तीचं काम. साठीला आलेला, रुंद खांद्यांचा, उन्हानं रापलेला माणूस. कपाळावर उजव्या भुवईच्या वर एक आडवी खूण होती. ती चामड्याच्या जुन्या फुटबॉलच्या नाडीची होती, हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. "त्या वेळी बॉलला नाडी असायची. हेड मारताना नाडीकडची बाजू आली की कपाळ फुटलंच. आता तुमचे हे प्लॅस्टिकचे बॉल. गाल पुसायला बरे."

राहायला ते माहूजला आमच्याच बिल्डिंगमध्ये होते. आम्ही चार ब्रह्मचारी खालच्या मजल्यावर, आणि ते नि सुमनकाकी आमच्या बरोबर वर. त्यामुळे शुक्रवारी सकाळी सुटका नसे. सुट्टीच्या दिवशी सगळी बिल्डिंग झोपलेली असताना हे जिन्यात उभे राहून हाक मारत, "पुणेकर, यल्ला!" यल्ला म्हणजे चला. तीस शब्दांचं अरबी, कामापुरतं इंग्रजी, वर्कशॉपमध्ये हिंदी, आणि ग्राउंडवर पाय ठेवला की कोल्हापूर.

ग्राउंड बुदैयाच्या रस्त्याला होतं. एका बाजूला खजुराची बाग, दुसऱ्या बाजूला बांधकाम अर्धवट सोडलेला व्हिला, आणि मध्ये दाबून कडक झालेली वाळू. गोलपोस्ट त्यांनी स्वतः पाइप वेल्ड करून उभे केले होते. टीममध्ये आम्ही काही मराठी, काही मल्याळी, आणि नेल्सन नावाचा गोव्याचा वेल्डर. खरा खेळाडू तो एकटाच. हिवाळ्यात भारतीयांच्या कंपन्यांच्या टीम आपसात स्पर्धा खेळायच्या. बक्षीस म्हणजे एक पितळी कप आणि वर्षभर मिरवायचा हक्क.

मॅच संपली की साहेब गाडीच्या डिकीतून मिठात घोळवलेल्या लिंबाच्या फोडी काढत. आम्ही लिंबं चोखत वाळूत बसायचो आणि ते त्यांच्या कॉलेजच्या टीमची गोष्ट काढायचे. कोल्हापूर, पन्नाससाली की त्याच्या जरा पुढं. ते टीमचे कॅप्टन. त्या एका सीझनची गोष्ट त्यांनी किती वेळा सांगितली असेल! अर्धी टीम बुटात, अर्धी अनवाणी. गोलकीपर बंडा, जो मॅचच्या आधी दोन शेर दूध पिऊन गोलमध्ये उभा राहायचा आणि हाफटाइमला ओकायचा. सेंटर हाफ गजानन, जो देवाची शपथ घेऊन फाउल करायचा. बेळगावला जाताना एसटी बंद पडली, तर टीमनं धक्का मारत ती घाटाच्या माथ्यावर नेली आणि तशाच दमल्या अंगानं मॅच काढली. मॅच बघायला माणसं भिंतींवर, झाडांवर, सिनेमाच्या पोस्टरच्या फळीवर चढून बसायची. एकदा फळी पोस्टरसकट खाली आली, आणि तरी कोणी ओरडलं नाही, कारण त्याच क्षणी आमचा बॉल गोलच्या तोंडाशी होता, असं साहेब सांगायचे.

"आणि आमचा लेफ्ट आउट," डाव्या कडेच्या त्या खेळाडूवर आले की त्यांचा आवाज बदलायचा. "अनवाणी पळायचा. रेघेच्या कडेनं असा जायचा, की पांढरी फक्की त्याच्या टाचेला लागायची, पण बॉल बाहेर जायचा नाही. त्याच्याइतका पळणारा मी पुन्हा बघितला नाही."

सगळ्यांना नावं होती, टोपणनावं होती. लेफ्ट आउटला नाव नव्हतं. दुसरं असं, की फायनलची गोष्ट ते कधी सांगत नसत. सेमीफायनलपर्यंत येऊन म्हणत, "मग फायनल. जिंकलो. चला, आवरा." आणि बॉल उचलून गाडीकडे चालू लागत.

टीमवर त्यांची जरब होती, पण एका बाबतीत ती वेडेपणापर्यंत जायची. कोणी जरा लंगडला, कोणी घोट्याला हात लावला, की साहेब त्याला बाहेर काढत. मग तो कितीही गयावया करो. "पाय दुखतोय? बस." एवढंच. त्यापुढं वाद नाही.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदाच फायनलला पोचलो. आदल्या आठवड्यात नेल्सनचा पाय वर्कशॉपमध्ये शिडीवरून घसरला होता. सूज उतरली होती. तो आमच्यासमोर दहा वेळा उड्या मारून दाखवत होता. साहेबांनी खाली बसून त्याचा घोटा दोन्ही हातांत धरला, अंगठ्यानं दाबला. नेल्सनच्या पापण्या किंचित हलल्या.

"बस," साहेब म्हणाले.

"साब, फायनल है!"

"म्हणून तर बस."

आम्ही सगळे तुटून पडलो. मी म्हणालो, "साहेब, नुसता उभा राहू दे त्याला. त्याला बघूनच त्यांचे दोन जण अडकून पडतील."

इंगवलेसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरलो. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "हे तुला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ते निघून गेले. आम्ही चार गोलनी हरलो. नेल्सन महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. दोघं मल्याळी टीम सोडून गेले. मला मात्र कळेना, की एवढ्याशा वाक्यात मी काय बोलून गेलो.

ते कळलं पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी. गोलची जाळी फाटली होती आणि साहेब दुसऱ्या बंदरावर कामाला गेले होते. म्हणून मी आणि नेल्सन दोरी आणायला मनामाच्या बाजारात गेलो. कोळ्यांच्या सामानाची एक गल्ली आहे तिथं. दोरखंड, जाळी, नांगर, रंगाचे डबे. एका दुकानात पांढरी छोटी दाढी असलेला माणूस स्टुलावर बसून दोरीला गाठ मारत होता. आमचं बोलणं ऐकून त्यानं मान वर केली.

"मराठी काय?"

मी हो म्हणालो. तो खुलला. त्याचं नाव याकूब होडेकर, रत्नागिरीकडचा. दुकान एका बहरीनी अरबाचं, पण इतकी वर्षं चालवायचा हाच. त्यानं आत हाक मारून चहा मागवला आणि दोरी काढायला उठला. उठला तेव्हा दिसलं, त्याचा डावा पाय गुडघ्यात वळत नव्हता. तो पाय काठीसारखा पुढे टाकत तो चालत होता.

"जाळी कशाला? मासे पकडता काय?"

"नाही, फुटबॉलच्या गोलला."

त्याचा हात दोरीवर थांबला. "मी कोल्हापूरला होतो शिकायला," तो म्हणाला. "एक सीझन खेळलो मी तिथं. असा सीझन!"

"मग आमच्या साहेबांना ओळखत असाल," मी उत्साहानं म्हणालो. "तेही कोल्हापूरचे. कॉलेजच्या टीमचे कॅप्टन होते. दिनकर इंगवले."

याकूबभाई खाली बसले. मग एकदम हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "दिनकर? दिन्या? इथं बहरीनला हाय? अरे, माझा कॅप्टन तो! मी लेफ्ट आउट त्याचा!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. शेजारच्या दुकानदाराला ओरडून काहीतरी अरबीत सांगितलं. "कधी आला? या महिन्यात?"

मी भाबडेपणानं खरं ते सांगून टाकलं. "छे हो. पंधराएक वर्षं झाली असतील."

त्यांनी माझे हात सोडले नाहीत, पण पकड सैल झाली. "पंधरा," ते म्हणाले. मग स्वतःची समजूत काढल्यासारखे म्हणाले, "त्याला कुठून कळणार मी इथं हाय ते? एवढी माणसं या बेटावर." दोरीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. शुक्रवारी ग्राउंडवर येतो म्हणाले.

साहेब गुरुवारी परत आले. मी जिन्यातच त्यांना गाठून आनंदाची बातमी दिली. ते कठड्याला धरून उभे राहिले. मग वर गेले आणि दार लावून घेतलं. जरा वेळानं सुमनकाकी खाली आल्या, हातात आमच्यासाठी झुणक्याचं भांडं घेऊन. त्या माझ्या शेजारी खुर्चीवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला दोष नाही. पण ही भेट व्हायची राहिलीय, ती राहिलेलीच बरी असं त्यांना वाटत होतं."

मग त्यांनी मला फायनलची गोष्ट सांगितली. सांगलीच्या सेमीफायनलला याकूबचा गुडघा पिरगळला होता. हाडवैद्यानं महिनाभर पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं. कॅप्टननं ते कुणाला कळू दिलं नाही. हॉस्टेलच्या खोलीत आठवडाभर आंबेहळदीचे लेप लावले, फायनलच्या सकाळी घट्ट पट्टा बांधला आणि म्हणाले, "तू नुसता उभा राहा. तुला बघूनच त्यांचे दोन जण अडकून पडतील." याकूब नुसता उभा राहणारा नव्हता. बॉल आला तसा तो पळाला. कोपऱ्यापर्यंत गेला, बॉल आत टाकला आणि इंगवल्यांनी डोक्यानं गोल मारला. पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. तिकडे याकूब रेघेवर पडलेला होता, आणि बराच वेळ कुणाचं लक्षच गेलं नाही.

"मिरवणूक निघाली. गुलाल काय, फटाके काय," काकी म्हणाल्या. "हे एकदा दवाखान्यात गेले. त्याचा पाय बघितला आणि परत गेलेच नाहीत. मुंबईच्या एका गिरणीच्या टीमनं दोघांना नोकरी देऊ केली होती. हे एकटे गेले. तिथं राहून शिकले, साहेब झाले. त्याची परीक्षा बुडाली, तो गावी गेला."

"मग साहेबांना माहीत होतं ते इथं आहेत?"

"आम्ही आलो त्याच वर्षी. बाजारात पाठमोरं बघितलं आणि ओळखलं त्या चालीवरून. हातातली पिशवी तिथंच टाकून घरी आले. तेव्हापासून त्या गल्लीत पाऊल नाही."

त्या शुक्रवारी मला वाटलं साहेब येणार नाहीत. पण जिन्यात हाक आली. ग्राउंडवर आम्ही बूट चढवत होतो तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबली. याकूबभाई उतरले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता, अत्तर लावलेलं होतं. ते वाळूतून पाय टाकत येऊ लागले तसे इंगवलेसाहेब जागेवरच खिळून त्या पायाकडे बघत राहिले.

"दिन्या, लेका! म्हातारा झालास की रे!" याकूबभाईंनी त्यांना मिठी मारली. साहेबांचे हात खालीच होते. मग तेही हळूहळू वर आले. आम्ही सगळे बघत उभे राहिलो होतो. आमच्यातल्या निम्म्यांना काही कळत नव्हतं, तरी कोणी बॉलला पाय लावला नाही.

मिठी सुटल्यावर याकूबभाई हसतच म्हणाले, "हा पोरगा सांगतो पंधरा वर्षं झाली तुला. मी म्हटलं, दिन्याला माहीतच नसणार. माहीत असतं तर तो भेटल्याशिवाय राहिला असता काय? तुला माहीत नव्हतं ना, मी इथं हाय ते?"

"नव्हतं" एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. आम्ही सगळे मनातून तेच म्हणत होतो. याकूबभाईंनी उत्तर त्यांच्या ओंजळीत आणून ठेवलं होतं. इंगवलेसाहेबांनी एकदा गोलपोस्टकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"माहीत होतं," ते म्हणाले.

वाऱ्यानं थोडी वाळू उडाली. याकूबभाईंचं हसू चेहऱ्यावरून जायला वेळ लागला.

"तुझा पाय मी घालवला याकूब," साहेब बोलत सुटले. त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मी तुला खेळवायला नको होतं. तुझी नोकरी गेली, परीक्षा गेली. कुठल्या तोंडानं येऊ? रोज वाटायचं जावं. रोज."

याकूबभाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "गुडघ्याचं काय घेऊन बसलास? मी तेव्हा विशीतला होतो. तू नको म्हणाला असतास तरी मी पळालो असतो. फायनल होती ती. गुडघ्याबद्दल मी तुला कधी बोल लावला नाही, अल्ला साक्षी हाय." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "पण मी या बेटावर आलो तेव्हा माझं कोणी नव्हतं. बायको गावाला वारली, मला लीव्ह मिळाली नाही. तिची माती मी बघितली नाही. त्या दिवशी दुकान उघडून बसलो होतो मी. तेव्हा तू इथं होतास. दोन मैलांवर."

साहेबांनी एक पाऊल पुढं टाकलं.

"कोल्हापूरचं बोलायला माणूस नव्हता मला," याकूबभाई म्हणाले. "त्या मॅचचं कुणाशी बोलू? ती तुझी होती आणि माझी होती." मग त्यांनी सदऱ्यावरची वाळू झटकली, सरळ उभे राहिले आणि परक्या माणसाशी बोलावं तसं नम्रपणे म्हणाले, "चला इंगवलेसाहेब, तुमचा खेळ सुरू करा. पोरं खोळंबली."

तुमचा. साहेब. मला ते ऐकूनच कसंतरी झालं. साहेबांना कसं झालं असेल ते त्यांच्या खांद्यांवर दिसत होतं. याकूबभाई शेवटपर्यंत थांबले, मॅच बघितली, नेल्सनच्या पाठीवर थाप मारली, सगळ्यांना सलाम करून गेले.

त्यानंतर इंगवलेसाहेब दर गुरुवारी संध्याकाळी त्या गल्लीत जाऊ लागले. गाडी लावायला जागा मिळत नाही, हे निमित्त सांगून मला बरोबर नेत. दुकानात त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली जायची, चहा यायचा. "या, बसा. वहिनी बऱ्या आहेत ना? थंडी पडली यंदा." याकूबभाई कधी कमी बोलले नाहीत, कधी वाईट बोलले नाहीत. साहेबांनी बंडाचा विषय काढला की ते हसायचे. गजाननचा काढला की "हो, होता खरा" म्हणायचे. गिऱ्हाईक आलं की उठून दोरी मापायला जायचे. साहेब एकदा त्यांना "तू" म्हणत, एकदा चाचरत "तुम्ही" म्हणत. उत्तर कायम "तुम्ही"मध्येच यायचं.

मला वाटायचं, वेळ द्यावा लागेल. माणूस आहे, विरघळेल. पण वेळच नव्हता. साहेबांची साठी झाली होती आणि कंपनीनं व्हिसा वाढवला नाही. उन्हाळ्याच्या आधी त्यांना निघायचं होतं. जी वर्षं हातात होती ती त्या गल्लीला वळसा घालण्यात गेली, आणि आता उरले होते ते मोजके गुरुवार.

शेवटच्या गुरुवारी साहेबांनी नवा शर्ट घातला होता. दुकानात गर्दी होती. याकूबभाईंनी तरीही खुर्ची पुसून दिली. साहेब म्हणाले, "उद्या निघालो. कोल्हापूरला या एकदा. ग्राउंड आहे अजून."

"बघू. इंशाल्ला," याकूबभाई म्हणाले. तेवढ्यात दोन कोळी जाळी उलगडून बघू लागले आणि ते त्यांच्याकडे वळले. साहेब काही वेळ उभे राहिले. मग निघाले. आम्ही पायरी उतरलो तेव्हा मागून आवाज आला. याकूबभाई जाळीचा ढीग ओलांडून, तो पाय ओढत दारापर्यंत आले होते. गर्दीवरून ते मोठ्यानं म्हणाले, "सांभाळून जा!"

साहेबांनी हात वर केला. याकूबभाईंनीही केला, आणि ते आत गेले.

आम्ही गाडीत बसलो. माहूजच्या वळणावर त्यांनी विचारलं, "पुणेकर, तू ऐकलंस ना? तो 'जा' म्हणाला. ते कसं म्हणाला? 'तू जा' म्हणून, की 'तुम्ही जा' म्हणून?"

मला सांगता येईना. आपल्या भाषेत ते दोन्ही एकच. मी म्हणालो, "तू म्हणूनच, साहेब."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणाचा पाय दुखतोय हे ओळखणाऱ्या माणसाला खोटं ओळखायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी विमानतळावर सुमनकाकी पुढे जाऊन रांगेत उभ्या राहिल्या तरी ते काचेच्या दाराशी घुटमळत होते. मला वाटलं माझा निरोप घ्यायचाय, म्हणून मी हात हलवला. पण ते माझ्यापलीकडे, जिथून टॅक्सी येत होत्या त्या रस्त्याकडे बघत होते. टॅक्सी थांबली की टाचा उंचावून बघायचे, कोण उतरतंय ते. काकींनी दोनदा हाक मारली. मग त्यांनी बॅग उचलली आणि आत गेले.